कर्ता कीं करण ?

मराठीची तृतीया विभक्ति एका दृष्टीनें मोठी फसवी आहे. 'सुतारानें करवतीनें फळी कापली' या वाक्यांत 'नें' हा प्रत्यय दोनदां आला आहे, पण दोन्ही ठिकाणीं त्याचा अर्थ एक नाहीं. सुतार हा कर्ता आणि करवत हें करण. क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रिया सिद्धीस नेण्यास जें सर्वांत अधिक उपकारक तें करण, असा भेद पाणिनीनें फार पूर्वीं करून ठेविला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं जीं पांच कारणें सांगितलीं आहेत, त्यांतहि कर्ता व करण हीं वेगळीं मोजिलीं आहेत. परंतु मराठींत प्रत्यय एकच असल्यामुळें वाक्यांतून सुतार वगळला, तर 'करवतीनें फळी कापली' एवढेंच उरतें आणि करण हळूच कर्त्याच्या पाटावर जाऊन बसतें. करवतीच्या बाबतींत यानें कोणी फसत नाहीं. वांकडी फळी पाहून करवतीस जाब विचारणारा मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. पण करवतीच्या जागीं संगणक घालून पाहा. 'संगणकानें अर्ज नाकारला', 'संगणकानें नांव गाळलें', 'संगणकानें तूट दाखविली' हीं वाक्यें आज बँकेंत, कचेरींत, महाविद्यालयांत आपण रोज ऐकतों, आणि तीं ऐकून 'पण सुतार कोठें आहे ?' असें विचारण्याचें आपल्याला सुचत नाहीं. ही केवळ बोलण्याची सोय आहे, कीं यंत्राबरोबर आपल्या नीतिकल्पनेंतहि कांहीं पालट झाला आहे, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं हें यंत्र मुळांत काय आहे व तें कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आलें, हें थोडें पाहिलें पाहिजे.

'संगणक' हा शब्द नवा असला तरी त्यांतील 'गणक' जुना आहे, आणि तो माणसाचा वाचक आहे. ग्रहगणित करून पंचांग सिद्ध करणारा तो गणक. इंग्रजींतील 'कॉम्प्युटर' या शब्दाचीहि तीच कथा. तीनशें वर्षांहून अधिक काळ तो शब्द आंकडेमोड करणाऱ्या माणसालाच लावीत असत. आपल्या देशांत तर तें एका सरकारी हुद्द्याचें नांव होतें. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीच्या खात्यांत १८३१ सालीं लागलेले बंगालचे राधानाथ शिकदार हे पुढें त्या खात्याचे मुख्य 'कॉम्प्युटर' झाले. हिमालयांतील पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट भरते, असें सर्व्हेअर-जनरल अँड्र्यू वॉ यांनीं १८५६ सालीं जाहीर केलें. त्या एका आंकड्यामागें शंभराहून अधिक मैलांवरून घेतलेले कोन, हवेमुळें किरणांस येणारा बांक आणि पृथ्वीची वक्रता यांचें जें प्रचंड गणित होतें, तें या गणकांनीं कागदावर हातानें केलेलें होतें. शिखराला नांव मिळालें तें मात्र आधींचे सर्व्हेअर-जनरल एव्हरेस्ट यांचें. श्रेयाची वांटणी न्याय्य झाली कीं नाहीं याविषयीं वाद होऊं शकतो, व झालाहि आहे. परंतु एक गोष्ट निर्विवाद होती. 'हा आंकडा कसा आला ?' असें कोणीं विचारलें असतें, तर उत्तर देणारा मनुष्य होता; गणित करणारा गणक होता, आणि त्याखालीं सही करणारा अधिकारीहि होता. हुद्द्याचें नांव पुढें यंत्राकडे गेलें. नांवाबरोबर उत्तर देण्याची जबाबदारीहि तिकडे गेली काय ?

आंकडेमोड माणसाच्या मनांतून वेगळी काढण्याचा पहिला मोठा प्रयोग यंत्रांवर नव्हे, तर माणसांवरच झाला, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीनंतर नव्या दशमान मापांस योग्य अशीं लॉगरिथमांचीं व त्रिकोणमितीचीं प्रचंड कोष्टकें तयार करण्याचें काम गास्पार द प्रोनी या इंजिनियराकडे आलें. टांचणीच्या कारखान्यांत कामाची वांटणी केल्यानें उत्पादन किती वाढतें, हें अॅडम स्मिथचें विवेचन त्याच्या वाचनांत होतें. त्यानें गणिताचाच कारखाना काढला. वर थोडेसे थोर गणिती. त्यांनीं कोणतीं सूत्रें वापरावयाचीं तें ठरवावें. मध्यें सात-आठ जाणते लोक. त्यांनीं सूत्रांवरून आरंभीचे आंकडे काढून द्यावे. आणि खालीं साठ ते ऐंशीं माणसें. त्यांनीं फक्त बेरीज व वजाबाकी करावी.

केवळ बेरजेनें असलीं कोष्टकें कशीं होतात, तें एका लहान उदाहरणानें कळेल. १, ४, ९, १६, २५ हे ओळीनें वर्ग घ्या. त्यांचीं अंतरें ३, ५, ७, ९ येतात. आणि या अंतरांचीं अंतरें सगळीकडे २. आतां सहाचा वर्ग काढण्यास गुणाकाराची गरज नाहीं. ९ मध्यें २ मिळविले, ११ झाले. २५ मध्यें ११ मिळविले, ३६ झाले. बेरीज करणाराला वर्ग म्हणजे काय हें ठाऊक असण्याचेंहि कारण नाहीं. या प्रयोगाविषयीं चार्ल्स बॅबेज यानें १८३२ सालच्या आपल्या ग्रंथांत एक विलक्षण गोष्ट नमूद केली आहे. खालच्या वर्गांतील दहांपैकीं नऊ माणसांना बेरीज-वजाबाकीपलीकडे कांहीं येत नव्हतें, आणि ज्यांना अधिक येत होतें त्यांच्यापेक्षां बहुधा यांचेच हिशेब अधिक बिनचूक निघत !

आम्हांस वाटतें, संगणकाच्या साऱ्या इतिहासाचें बीज या एका निरीक्षणांत आहे. मन जितकें बाजूला सारावें, तितकी आंकडेमोड शुद्ध होते. कारण मन कंटाळतें, भटकतें, घाई करतें, आणि 'असेंच असेल' म्हणून पुढें जातें. आणि जें काम मन न लावतां उत्तम होतें, तें ज्याला मनच नाहीं अशा चाकांना कां करतां येऊं नये ? १८२१ सालीं आपला मित्र जॉन हर्शेल याच्यासह ज्योतिषाचीं कोष्टकें तपासतांना चुकांमागून चुका सांपडूं लागल्या, तेव्हां हें गणित वाफेनें झालें असतें तर किती बरें, असें बॅबेज वैतागून म्हणाला. त्यांतूनच त्याच्या 'अंतर-यंत्रा'ची कल्पना निघाली. आपण वर जी वर्गांची बेरीज केली तीच दांतेरी चाकांकडून करवावयाची, असा तो बेत. इंग्लंडच्या सरकारनें त्यावर सुमारें १७,००० पौंड खर्च करून १८४२ सालीं हात आंखडता घेतला, व बॅबेजच्या हयातींत तें यंत्र पुरें झालें नाहीं. मात्र त्याच्या पुढच्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान-संग्रहालयानें १९९१ सालीं सुमारें ४,००० भागांचें गणन-यंत्र बांधलें, आणि तें बरोबर चाललें.

त्याहून मोठी कल्पना म्हणजे त्याचें दुसरें, 'विश्लेषक' यंत्र. तें कागदावरच राहिलें. पण आजच्या संगणकाचा सांगाडा त्यांत स्पष्ट दिसतो. त्याचे दोन मुख्य भाग होते. एक कोठार, जेथें आंकडे सांठवून ठेवावयाचे. आणि दुसरी गिरणी, जेथें ते आणून त्यांवर क्रिया करावयाची. कोणती क्रिया कोणत्या क्रमानें करावयाची तें भोकें पाडलेल्या पत्र्यांनीं सांगावयाचें. ही युक्ति त्यानें नक्षीचें कापड विणणाऱ्या जॅकार्ड मागावरून घेतली. आज आपण ज्यांस स्मृति, प्रक्रिया आणि आज्ञावली म्हणतों, तीं हींच. या यंत्रावर लेडी लव्हलेस या विदुषीनें १८४३ सालीं विस्तृत टीपा प्रसिद्ध केल्या. यंत्र संगीताची रचनासुद्धां करूं शकेल, इतकी दूरची कल्पना तिनें केली. पण त्याचबरोबर, हें यंत्र स्वतः होऊन कांहींहि निर्माण करण्याचा आव आणीत नाहीं, आपल्याला जें त्यास आज्ञापितां येईल तेवढेंच तें करील, असा स्वच्छ इशाराहि तिनें देऊन ठेविला. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर, यंत्र हें करण आहे, कर्ता नव्हे.

चाकांच्या जागीं पुढें वीज आली, तरी तत्त्व तेंच राहिलें. विजेच्या बटणाला दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. चालू म्हणजे १ व बंद म्हणजे ० असें मानलें, कीं दोनच चिन्हांत कोणतीहि संख्या लिहितां येते. आपल्या दशमान पद्धतींत स्थानांच्या किंमती १, १०, १०० अशा वाढतात; येथें १, २, ४, ८ अशा वाढतात, एवढाच फरक. म्हणून तेरा म्हणजे ८, ४ व १ ; ती संख्या ११०१ अशी लिहावयाची. जॉर्ज बूल यानें १८५४ सालीं 'आणि', 'किंवा', 'नाहीं' या विचाराच्या सांध्यांचें बीजगणित बनविलें. (या बूलची पत्नी वर सांगितलेल्या एव्हरेस्टसाहेबांची पुतणी होती.) क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यानें १९३७ सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, हें बीजगणित विजेच्या बटणांच्या जोडणींत जसेंच्या तसें उतरवितां येतें. दोन बटणें एकापुढें एक जोडलीं, तर दोन्ही चालू असल्याखेरीज प्रवाह जात नाहीं, हें 'आणि'. शेजारीं शेजारीं जोडलीं, तर एकानेंहि भागतें, हें 'किंवा'. या सांध्यांतून बेरीज होते, बेरजेंतून बाकी सर्व. अक्षरें, चित्रें, गाणें, माणसाचें नांव, त्याचें कर्ज, यांतील प्रत्येक वस्तूस आधीं संख्येचें रूप द्यावयाचें, संख्येवर क्रिया करावयाची, आणि शेवटीं पुन्हां त्या वस्तूचें रूप द्यावयाचें, एवढाच त्याचा संसार. तेरा ही संख्या तेरा आंबे आहेत, कीं तेरा वर्षांची सक्तमजुरी आहे, याची आंतील बटणांस दाद नसते.

१९३६ सालीं अॅलन ट्युरिंग यानें गणन म्हणजे काय याचा जो मूलगामी निबंध लिहिला, त्यांत 'कॉम्प्युटर' म्हणून जो आहे तो चौकटींच्या कागदावर आंकडेमोड करणारा माणूसच आहे. त्या माणसाच्या कृतींतून ट्युरिंगनें आवड, थकवा, हेतु सर्व गाळून टाकले. चिन्ह पाहणें, चिन्ह लिहिणें व एक घर सरकणें एवढेंच उरलें. त्या उरलेल्याचें यंत्र होतें. दहा वर्षांनीं, १९४६ सालीं, अमेरिकेंत तोफगोळ्यांच्या मार्गांचीं कोष्टकें करण्यासाठीं बांधलेला सुमारें १८,००० व्हॉल्व्हांचा एनिॲक लोकांस दाखविण्यांत आला. त्यावर गणितें बसविणाऱ्या सहा स्त्रिया आधीं स्वतःच 'कॉम्प्युटर' या हुद्द्यावर होत्या. हुद्दा यंत्राला मिळाला, आणि तो ज्यांच्याकडून घेतला त्यांनाच यंत्र शिकवावें लागलें. २१ जून १९४८ रोजीं मँचेस्टर येथील लहानशा यंत्रानें आंकड्यांच्याच स्मृतींत ठेवलेल्या आज्ञा प्रथम पाळून दाखविल्या. तेव्हांपासून आज्ञा हीहि एक संख्याच झाली. यंत्र न बदलतां नुसती आज्ञावली बदलून तेंच यंत्र हिशेबनीस, टंकलेखक वा चित्रकार होऊं लागलें. मुंबईंतहि टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत जुळविलेला संगणक १९६० सालीं कामास लागला, व १९६२ सालीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण झालें. त्याची स्मृति २,०४८ शब्दांची होती, आणि तो जुळविणारीं माणसें त्याच संस्थेंत हातापाशीं होतीं. १९७१ सालीं विक्रीस आलेल्या इंटेलच्या पहिल्या सूक्ष्म-प्रक्रियकांत २,३०० ट्रॅन्झिस्टर होते. आज खिशांतील टेलिफोनांत ते एक हजार कोटींहून अधिक असूं शकतात. यंत्र जसजसें लहान व स्वस्त होत गेलें, तसतसा तें करणारा आणि तें वापरणारा यांत दुरावा वाढत गेला. करवत प्रत्येकाच्या हातीं आली, पण सुतार दिसेनासा झाला.

येथवर जें झालें त्यांत नीतीच्या दृष्टीनें शोक करण्याजोगें कांहीं नाहीं, उलट पुष्कळ अभिमान बाळगण्याजोगें आहे. वडिलांना कराच्या हिशेबांत मदत व्हावी म्हणून पास्काल यानें १६४२ सालीं बेरजेच्या यंत्राच्या खटपटीस आरंभ केला. आणि उत्तम माणसांनीं गुलामाप्रमाणें आंकडेमोडींत आयुष्य घालवूं नये, हा लाइब्निट्सचा कळवळा होता. कष्ट यंत्रावर सोंपवावे व मन मोकळें करावें, हा हेतु उदात्तच आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, कष्ट सोंपवितांना त्यांच्याबरोबर आणखी कांहीं आपण नकळत सोंपवून बसलों नाहीं ना ?

बॅबेजनें आपल्या आठवणींत एक हंशाची गोष्ट सांगितली आहे. यंत्रांत चुकीचे आंकडे घातले तरी उत्तर बरोबर येईल काय, असें त्याला पार्लमेंटच्या सभासदांनीं एकदां नव्हे, दोनदां विचारलें. आणि असा प्रश्न सुचण्यास डोक्यांत किती गोंधळ असावा लागतो, याचें त्यास आश्चर्य वाटलें. प्रश्न अडाणीपणाचा खरा, पण त्यामागची इच्छा फार जुनी व फार मानवी आहे. आपण कसेंहि वागावें आणि बरोबर ठरण्याची हमी दुसऱ्या कोणीं तरी घ्यावी, ही ती इच्छा. ती किती महाग पडते, हें त्याच पार्लमेंटच्या देशांत दीडशें वर्षांनंतर दिसून आलें.

१९९९ सालापासून ब्रिटनच्या पोस्ट खात्यानें आपल्या हजारों शाखांत 'होरायझन' नांवाची हिशेबाची संगणक-व्यवस्था बसविली. गांवोगांवच्या उप-पोस्टमास्तरांच्या खात्यांत तूट दिसूं लागली. करारानें ती तूट त्यांनीं भरून द्यावयाची. कित्येकांनीं घरें गहाण टाकून भरली. कित्येकांनीं 'आम्हीं पैसा घेतला नाहीं, हिशेब चुकतो आहे' असें कळवळून सांगितलें, तेव्हां त्यांतल्या पुष्कळांस, अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे, असें उत्तर मिळालें. चोरी व खोटे हिशेब यांबद्दल नऊशेंहून अधिक लोक अपराधी ठरले; कांहीं तुरुंगांत गेले. १९८४ सालच्या इंग्लिश कायद्यांत, संगणकाचा कागद पुराव्यांत घेण्यापूर्वीं तो संगणक नीट चालत होता असें दाखविण्याची अट होती. १९९९ सालच्या कायद्यानें तीहि काढून टाकली, व यंत्र बरोबर आहे असेंच गृहीत धरण्यांत येऊं लागलें. शाखेच्या खात्यांत दूर बसून, पोस्टमास्तराच्या नकळत, फेरफार करतां येत होते, ही गोष्ट वर्षानुवर्षें नाकारली गेली. २०१९ सालच्या डिसेंबरांत हायकोर्टानें व्यवस्थेंतील दोष मान्य केले. २०२१ च्या एप्रिलांत ३९ शिक्षा रद्द झाल्या. आणि २०२४ सालीं उरलेल्या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठीं पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. या प्रकरणाशीं निदान तेरा आत्महत्यांचा संबंध असूं शकतो, असें २०२५ सालच्या चौकशी-अहवालांत म्हटलें आहे.

यंत्रें पूर्वींहि चुकत. म्हणून यंत्र चुकलें ही येथें मुख्य गोष्ट नव्हे. 'होरायझननें तूट दाखविली' या वाक्यांत कर्ता कोण, हें कोणीं विचारलें नाहीं, ही मुख्य गोष्ट आहे. तपासनीस म्हणाला, आंकडा यंत्राचा आहे. वकील म्हणाला, पुरावा यंत्राचा आहे. न्यायाधीशानें कायद्याप्रमाणें यंत्र बरोबर मानलें. प्रत्येकानें आपल्या क्रियेचें कर्तेपण करणाकडे सरकविलें, आणि करण तर निर्जीव. त्याला विचारणार काय? शेवटीं त्या सबंध साखळींत जाब विचारण्याजोगा एकच जिवंत मनुष्य उरला, तो म्हणजे स्वतः पोस्टमास्तर. नीतीचा हा नियमच दिसतो कीं, कर्तेपण नाहींसें होत नाहीं. बलवंतांनीं तें टाकून दिलें, तर तें घरंगळत जाऊन जो सर्वांत खालीं उभा असेल त्याच्या डोक्यावर पडतें.

यावर दोन आक्षेप संभवतात, व दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, माणूस यंत्राहून कितीतरी अधिक चुकतो; लांचहि खातो, आप्तांस झुकतें मापहि देतो. मग यंत्रावर अधिक विश्वास ठेवला तर बिघडलें कोठें ? यांतील विधान खरें आहे, पण त्यावरून काढलेलें अनुमान खरें नाहीं. द प्रोनीच्या कारखान्यांत खालच्या मंडळींनीं बेरजा बिनचूक केल्या, हें खरें. परंतु वरून सूत्रच चुकीचें आलें असतें, तर त्यांनीं तीं चुकीचीं उत्तरेंहि तितक्याच बिनचूकपणें काढलीं असतीं. ज्या मनाच्या अभावामुळें त्यांची बेरीज शुद्ध राहिली, त्याच अभावामुळें 'हें उत्तर असंभवनीय दिसतें' असा संशय घेण्याची शक्तिहि त्यांच्या कामांतून गेली होती. आंकडेमोडीचा बिनचूकपणा आणि निर्णयाचा योग्यपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत. पहिल्याच्या बळावर दुसऱ्याची खात्री देतां येत नाहीं. बारा वर्षें प्रामाणिकपणें पोस्ट चालविणाऱ्या बाईच्या खात्यांत एका रात्रींत हजारों पौंडांची तूट कशी पडली, असें आश्चर्य वाटणें हें बेरजेचें काम नव्हे. तें मनाचें काम आहे, आणि तें करण्यास मन जागेवर असावें लागतें.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लेडी लव्हलेस म्हणाली तें जुन्या यंत्रांविषयीं खरें असेल. पण आजचीं शिकणारीं यंत्रें निराळीं आहेत. त्यांना कोणी नियम सांगत नाहीं. लाखों उदाहरणें पुढें टाकावींत, आणि यंत्रानें आपल्या आंतील असंख्य आंकडे थोडे थोडे बदलीत स्वतःच मेळ बसवावा, अशी ही रीति. निर्णय असा कां झाला, हें तें बांधणारालाहि पुष्कळदां नेमकें सांगतां येत नाहीं. मग येथें यंत्रच कर्ता नव्हे काय ? या बाजूचा आद्य वकील ट्युरिंगच होता. १९५० सालीं त्यानें लव्हलेसबाईंचें मत मुद्दाम खोडावयास घेतलें. यंत्रें आपल्याला वारंवार चकित करतात असें सांगितलें, आणि बालकाप्रमाणें शिकणाऱ्या यंत्राचें चित्रहि रेखाटलें. त्याचें भाकित पुष्कळ अंशीं खरें ठरलें, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे.

तरीपण चकित करणें आणि उत्तरदायी असणें यांत अंतर आहे. नदीचा पूरहि आपल्याला चकित करतो. म्हणून धरण बांधणारा सुटत नाहीं. शिकणाऱ्या यंत्रालाहि उदाहरणें कोणीं तरी निवडून दिलेलीं असतात, 'बरोबर' कशाला म्हणावयाचें तें कोणीं तरी ठरविलेलें असतें, आणि त्याच्या उत्तरावर कोणाचें नशीब टांगावयाचें हेंहि कोणीं तरी ठरवितो. एका बड्या अमेरिकन कंपनीनें नोकरीचे अर्ज पारखण्यासाठीं असें यंत्र करून पाहिलें. मागील दहा वर्षांचे अर्ज त्यास शिकवणीसाठीं दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. आणि यंत्र स्त्रियांच्या अर्जांस खालचे गुण देऊं लागलें, असें २०१८ सालीं उघडकीस आलें. यंत्रानें नवें पाप निर्माण केलें नव्हतें. जुनें पाप त्यानें निमूटपणें घोकलें होतें. नियम कोणीं लिहिला नाहीं, म्हणून तो कोणाचाच नाहीं, असें म्हणणें म्हणजे पोरानें घरांत ऐकलेली शिवी दारांत दिली असतां बापानें कानांवर हात ठेवण्यासारखें आहे. आणि स्वतंत्र तो कर्ता, ही व्याख्या लावली, तर ज्याला आपली चूक सलत नाहीं, शिक्षेचें भय नाहीं, क्षमा मागतां येत नाहीं, आणि 'हें मी करणार नाहीं' असें स्वतःच्या जबाबदारीवर म्हणतां येत नाहीं, त्यास स्वतंत्र कोणत्या अर्थानें म्हणावयाचें ? उद्यां तसें यंत्र निघालें, तर उद्यां विचार करूं. आज तें नाहीं, आणि नसलेल्या कर्त्याच्या आड असलेल्या कर्त्यानें लपणें शोभत नाहीं.

मग करावें काय ? यंत्रें मोडावींत असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं, व आम्हीहि म्हणत नाहीं. आमच्या मतें गोष्टी दोनच आहेत, आणि दोन्ही आपल्या जुन्या व्यवहारांतल्याच आहेत. पहिली, वाक्य पुरें करावें. यंत्राचा उपयोग करून कोणाचा अर्ज नाकारावयाचा, कोणाचें अन्न वा पेन्शन थांबवावयाचें, कोणास चोर ठरवावयाचें असेल, तर 'अमक्यानें यंत्राच्या साहाय्यानें असें ठरविलें' असें नांवानिशीं लिहिण्याची तयारी असावी, आणि ज्याच्याविरुद्ध ठरविलें त्यास कारण विचारण्याचा व हिशेब पाहण्याचा हक्क असावा. जुना कारकून हिशेब करी, पण खालीं सही करणारा निराळा असे, आणि सही करणारा 'हिशेब कारकुनानें केला' म्हणून सुटत नसे. कारकुनाच्या जागीं यंत्र आलें, म्हणून सही पुसण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट ताळ्याची. जुन्या शाळांत गुणाकार झाला कीं लगेच ताळा करून पाहावा लागे. आणि पावकी-निमकी, दिडकी-अडीचकी मुखोद्गत असलेल्या गृहिणीस वाण्याच्या बिलांतली चूक नजरेनेंच कळे, कारण उत्तर साधारण कोठें असावें याचा ठोकताळा तिच्या मनांत आधींच तयार असे. आज आमच्या वर्गांतील हुशार मुलेंसुद्धां यंत्रानें दिलेलें नऊ दशांश स्थळांचें उत्तर वहींत उतरवून घेतात, आणि तें शंभरपट चुकीचें असलें तरी त्यांस त्यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. यांत दोष मुलांचा नाहीं. उत्तर मिळविणें आणि उत्तर पारखणें हीं दोन कामें आहेत, हें आपणच त्यांना सांगावयाचें सोडून दिलें. पाढ्यांची घोकंपट्टी पुन्हां सुरू करावी, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु ज्या विषयांत आपण यंत्राचें उत्तर मान्य करणार, त्या विषयांत तें उत्तर साफ चुकलें असतां निदान आपली भुंवई वर जावी, एवढें ज्ञान प्रत्येकानें स्वतःजवळ राखलें पाहिजे. तें राखणें ही यापुढें केवळ हुशारीची बाब नाहीं, ती नीतीची बाब आहे. कारण त्या ज्ञानावांचून आपण जें 'मान्य' करतों तें मान्य करणें नव्हे, केवळ वाहून जाणें आहे.

'उत्तर' या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. गणिताला येतें तेंहि उत्तर, आणि जाब विचारल्यावर द्यावयाचें तेंहि उत्तर. पहिल्या प्रकारचें उत्तर यंत्र आपल्याहून लवकर व बहुधा आपल्याहून चांगलें देईल, आणि तें त्यास आनंदानें देऊं द्यावें. दुसऱ्या प्रकारचें उत्तर मात्र माणसानेंच द्यावयाचें आहे. तेथील 'नें' हा प्रत्यय कर्त्याचाच असला पाहिजे.